अळणी पाव

पाव करायचं मशीन आमच्या घरात आलं तेव्हा आमच्याकडे फ्रीज नव्हता, ओव्हन नव्हता, आणि पाव ही घरी करायची वस्तू आहे असं आमच्या सात पिढ्यांत कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. सुरतेच्या डिंडोली भागात पाव सायकलवरून यायचा. सकाळी सहाला पाववाला भोंगा वाजवत गल्लीत शिरायचा, लादी तोडून द्यायचा आणि पुढे जायचा. असं असताना मी कतारगामहून दोन रिक्षा बदलून ते धूड मांडीवर घेऊन आले, कारण माझे वडील हळूहळू जेवण सोडत चालले होते आणि मला दुसरं काहीही सुचत नव्हतं.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं होती. आबा, म्हणजे माझे वडील, खानदेशातून सुरतेला आले ते विसाव्या वर्षी, आणि पुढची तीस-बत्तीस वर्षं त्यांनी लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्यात काढली. बारा-बारा तासांची पाळी आणि कानठळ्या बसवणारा खडखडाट. त्यामुळे त्यांना कमी ऐकू यायचं, आणि बाकी जगालाही कमीच ऐकू येतं असं धरून ते सगळ्यांशी ओरडून बोलायचे. पाळी सुटली की कारखान्याच्या फाटकाशी चहात बुडवलेला पाव, हे त्यांचं रोजचं सुख. घरी मायच्या, म्हणजे माझ्या आईच्या, हातची ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी होती, ठेचा होता, पण पावावरचं त्यांचं प्रेम वेगळं. त्यांच्या लहानपणी गावात पाव फक्त आजारी माणसाला मिळायचा, तोही तालुक्याहून कुणी आणला तर. सुरतेत तो धडधाकट माणसालाही रोज मिळतो, म्हणून सुरत चांगली, असं ते म्हणायचे.

मग ते स्वतःच आजारी पडले. आधी पाय सुजले. चपला होईनात म्हणून त्यांनी चपलांनाच शिव्या दिल्या. मग सकाळी डोळ्यांच्या पापण्या सुजायला लागल्या आणि आम्ही त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होते, गुजराती होते, आमच्याशी हिंदीत बोलायचे. मूत्रपिंडं बरीच निकामी झाली आहेत आणि हृदयही थकलं आहे, एवढं त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. आबांना मात्र एकच सांगितलं.

"काका, नमक बिलकुल बंद. एक चुटकी भी नहीं."

मीठ बंद, पापड-लोणचं बंद, सोडा घातलेलं काही नको, दुकानचं काही नको, पाणी मोजून. मी सगळं वहीत लिहून घेतलं. मी मराठी शाळेत शिकवायची, लग्न झालेलं नव्हतं, आणि घरात शिकलेली मी एकटीच असल्यामुळे आबांचं दुखणं माझ्या ताब्यात आलं. मी ते फार कडकपणे सांभाळलं. आता वाटतं, वर्गातल्या पोरांवर चालवायचा तो सगळा हुकूम मी घरी आणला. मिठाची बरणी माझ्या कपाटात गेली. मायला मी रोज सकाळी बाकीच्यांच्या भाजीपुरतं मीठ वाटीत काढून द्यायची आणि आबांचं ताट आधी वेगळं काढून घ्यायची.

अळणी वरण आबांनी दोन दिवस खाल्लं. अळणी भाजी एक दिवस. भाकरीचा तुकडा तोंडात घोळवत बसायचे आणि मग पाणी मागायचे, आणि पाणीही मोजून असल्यामुळे त्यावरून माझं-त्यांचं वाजायचं. पंधरा दिवसांत त्यांच्या गालांची हाडं वर आली. सूज उतरली होती, म्हणजे औषध लागू पडत होतं, पण सुजेच्या खाली माणूस किती उरला आहे हे आता दिसायला लागलं. मला भीती वाटायची. शाळेत फळ्यावर लिहिता लिहिता मला त्यांचे दंड आठवायचे आणि खडू हातात तसाच राहायचा.

ते एकच गोष्ट मागत होते. "पाव दे माले, बाई." पाववाल्याचा भोंगा वाजला की ते पलंगावर उठून बसायचे. मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, दुकानच्या पावात मीठ असतंच, तो चालणार नाही. घरी बिनमिठाचा करता येत असेल तर खुशाल द्या. त्यांनी ते सहज म्हटलं असणार. घरी कोण पाव करतं? पण मी त्या एका वाक्याला धरून बसले. अळणी पाव जमला तर आबा खातील, खाल्लं तर अंगात ताकद येईल, ताकद आली तर निदान काही वर्षं निघतील. माझ्या डोक्यात एवढंच होतं.

आधी मी कुकरमध्ये वाळू तापवून प्रयत्न केला. शिट्टी काढली, रिंग काढली, आत डबा ठेवला. निघाली ती वीट. भाऊ म्हणाला, "ताई, ही बांधकामाला दे." माझा धाकटा भाऊ साड्यांच्या भरतकामाच्या युनिटमध्ये सुपरवायझर होता आणि घरातल्या कुठल्याही संकटावर त्याच्याकडे एक विनोद तयार असायचा. मी ती वीट त्याच्या दिशेनेच फेकली.

आमच्या शाळेच्या इमारतीत गुजराती माध्यमाचेही वर्ग भरायचे. तिथं शिकवणाऱ्या एका बेनना मी हे रडगाणं सांगितलं. त्या कतारगामला राहायच्या, त्यांची मुलगी अमेरिकेत होती. मागच्या खेपेला तिने कुठल्याशा सेलमधून पाव करायचं एक स्वस्तातलं मशीन आईसाठी उचलून आणलं होतं. बेननी ते एकदा लावून बघितलं आणि मग त्याच्या भांड्यात लसूण ठेवायला सुरुवात केली.

"लई जा ने," त्या म्हणाल्या. "अमारे त्यां तो धूळ ज खाय छे."

पांढऱ्या प्लॅस्टिकचा चौकोनी डबा, वर झाकण, झाकणाला काचेची खिडकी, आत एक उभट भांडं आणि भांड्याच्या तळाशी पीठ मळायचं छोटं पातं. अमेरिकेची वीज आपल्यापेक्षा निम्म्या दाबाची, म्हणून सोबत एक ट्रान्सफॉर्मर, पाच किलोचा असेल, आणि चालू केला की गुणगुणणारा. पीठ, पाणी, साखर, तेल, खमीर म्हणजे यीस्ट आत टाकायचं, बटण दाबायचं, आणि चार तासांनी पाव बाहेर. इतकं सोपं होतं. सोबतच्या पुस्तिकेत तसं लिहिलं होतं. त्याच पुस्तिकेत ठळक अक्षरात आणखी एक ओळ होती की मीठ वगळू नये. का वगळू नये ते लिहिलेलं नव्हतं. मी ती ओळ वाचली आणि अमेरिकेच्या लोकांना काय कळतंय, असं म्हणून पान उलटलं.

खमीर डिंडोलीत कुणाला माहीत नव्हतं. शेवटी चौकाकडच्या एका जुन्या बेकरीत गेले. तिथले चाचा पिठाने पांढरे झालेले, त्यांनी बर्फाच्या पेटीतून खमिराची वडी काढली आणि साबणासारखा तुकडा कापून कागदात बांधून दिला. तो मी शेजारणीच्या फ्रीजमध्ये ठेवला. तिच्या दुधाला आंबूस वास यायला लागला, तरी ती बाई काही बोलली नाही, हे तिचे उपकार.

पहिला पाव मी शनिवारी केला, दुपारी शाळेतून आल्यावर. सगळे मशीनभोवती बसलो. पातं फिरलं, पिठाचा गोळा झाला, मायने पदर तोंडाला लावून "हाई तं बाईपेक्षा बरं मळस" असं म्हटलं. मग पीठ फुगायला लागलं. फुगता फुगता भांड्याच्या काठावर आलं, काठावरून वर, खिडकीच्या काचेला टेकलं. मला हर्षवायू व्हायचा बाकी होता. आबा पलंगावरून मान लांब करून बघत होते. आणि मग भाजणं सुरू झालं आणि आमच्या डोळ्यांदेखत तो सगळा फुगवटा बसला. बाहेर काढला तर मधे हा एवढा खड्डा, कडा उभ्या, आतून चिकट. मी कडेचा बरा भाग कापून, चहात बुडवून आबांना दिला.

त्यांनी चावला, पुन्हा चावला.

"चावाले कापूस लागस," ते म्हणाले, आणि बशी बाजूला सरकवली.

मी त्यानंतर जवळजवळ रोज पाव केला. आता सांगताना हसू येतं, तेव्हा जीव जात होता. पाणी कमी करून पाहिलं. खमीर निम्मं केलं. थंड पाणी घातलं, दही घातलं, लिंबू पिळलं, ओवा घातला, जिरं घातलं. कधी बसका, कधी वरून फाटलेला, कधी एका बाजूला कललेला. आमच्या मागच्या गल्लीत लूमचे कारखाने, ते सगळे सुरू झाले की वीज मंद व्हायची, आणि एक मिनिट जरी लाइट गेली तरी मशीन सगळं विसरून पहिल्यापासून मळायला लागायचं. अर्धा भाजलेला पाव ते पातं पुन्हा मळतंय, हे मी दोनदा उभं राहून बघितलं आहे. दुसऱ्या वेळी मी तिथेच जमिनीवर बसून रडले. माय म्हणाली, जाऊ दे, खीर करू. मी तिच्यावर खेकसले की खिरीने माणूस जगतो का.

बेकरीतल्या चाचांना मी पावाचा तुकडा नेऊन दाखवला. त्यांनी तो दाबला, हुंगला, जिभेला लावला आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांची थट्टा करते आहे.

"इसमें नमक कहाँ है? नमक नहीं डालोगी तो खमीर पागल हो जाएगा, बहनजी. चढ़ेगा और गिरेगा. रोज़ गिरेगा."

मी म्हटलं, माझ्या वडिलांना मीठ बंद आहे. त्यांनी हात पुसले आणि म्हणाले, तर मग पाव नका करू.

त्या दिवशी घरी आले तर आबा भिंतीकडे तोंड करून झोपले होते. सकाळपासून दोन घोट दूध, बाकी काही नाही. मनगट चादरीबाहेर होतं. लूमवर तुटलेला धागा डोळ्याचं पातं लवायच्या आत जोडणारा तो हात, आता त्यावर माझ्या बांगड्या सैल झाल्या असत्या. मी मशीनमध्ये पीठ घातलं, पाणी, साखर, तेल, खमीर. मग कपाट उघडलं, बरणी काढली आणि अर्धा चमचा मीठ घातलं.  मला फक्त राग आला होता, डॉक्टरांचा, चाचांचा, आबांचा, त्या मशीनचा. झाकण लावलं आणि बटण दाबलं.

पाव उभा राहिला. वरून गोल, तांबूस, कुठे खड्डा नाही. घरभर बेकरीसारखा वास सुटला. आबा वासानेच उठून बसले. मी दोन काप चहात बुडवून दिले, त्यांनी खाल्ले आणि तिसरा मागितला. खाताना ते माझ्याकडे एकदाच पाहून पुन्हा बशीत बघायला लागले. त्यांना कळलं होतं. बत्तीस वर्षं पाव खाल्लेला माणूस, त्याला कसं कळणार नाही? पण ते बोलले नाहीत आणि मीही नाही. मायला आणि भावाला मी सांगितलं की खमिराचं माप आज बरोबर बसलं.

मग मी रोज अर्धा चमचा घालू लागले. मनाशी हिशेब केला की एका पावात अर्धा चमचा, त्यातले दोन-तीन काप आबांचे, म्हणजे त्यांच्या पोटात चिमूट, आणि बाकी दिवसभर तर कणही नाही. ती चिमूट त्यांना मारणार नाही, उपासमार मारेल. शिकलेल्या माणसाला स्वतःला फसवायलाही चांगलं जमतं. आबा पाव खायचे, त्यानंतर थोडं वरण-भातही खायचे, थोडी भाजीही. मायला नवल वाटायचं. भाऊ रविवारी सकाळी त्यांना आपल्या स्कूटरवर बसवून फिरवून आणायला लागला, मोकळी हवा मिळावी म्हणून, आणि ते फिरून आले की चेहरा तुकतुकीत असायचा. महिना-दीड महिना आमचं घर चक्क आनंदात होतं. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवून सांगितलं की आमच्या घरात मिठाचा कण त्यांच्या ताटात जात नाही. मला ते सांगताना अभिमानसुद्धा वाटला, हे मी लपवत नाही.

सूज परत आली. आधी घोट्यांवर, मग पोटऱ्यांवर. बोटाने दाबलं की खळगा पडायचा आणि तसाच राहायचा. मी अर्ध्या चमच्याचं निम्मं केलं, मग चिमूट. तरी सूज चढतच गेली. मला काही कळेना. एवढ्याशा मिठाने असं कसं होईल, असं मी स्वतःला विचारायची आणि त्याच वेळी मला माहीत होतं की दुसरं कारणच नाही, हे माझंच पाप आहे. एका दुपारी आबांना धाप लागली. आडवं होता येईना. खिडकीचे गज धरून ते बसून राहिले, तोंड उघडं, आणि आम्ही त्यांना खुर्चीसकट उचलून रिक्षात घातलं.

दवाखान्यात इंजेक्शनं दिली, नाकाला नळी लावली, आणि संध्याकाळच्या आत धाप थोडी बसली. डॉक्टर आम्हा तिघांना घेऊन व्हरांड्यात आले. ते चिडलेले नव्हते, थकलेले होते.

"सच बताइए. नमक कौन दे रहा है?"

मी तोंड उघडलं. मी कबूल करायला आले होते. पण माझ्या आधी माय बोलली.

"मीठ नही देत साहेब. आपलं शेंदेलोण घालस मी वरणमा. रोजनं रोज, थोडं थोडं."

मी तिच्याकडे बघतच राहिले. देवघराच्या कोनाड्यात तिची उपासाच्या मिठाची डबी असायची. माझ्या बरणीवर मी नजर ठेवून होते, त्या डबीचा विचारही माझ्या मनाला शिवला नव्हता. मी ओरडले, की माय, ते मीठच आहे. ती माझ्यापेक्षा मोठ्याने म्हणाली, "ते काय मीठ शे का? उपासले चालस ते! देवले चालस!" तिची खरोखरच तशी समजूत होती. जन्मभर तिने एकादशीला मीठ वर्ज्य म्हणून शेंदेलोण खाल्लं होतं. डॉक्टरांनी मीठ बंद म्हटलं तेव्हा तिच्या लेखी त्यांनी आबांना उपास सांगितला होता. उपासाला जे चालतं ते तिने दिलं, आणि माझ्या तोंडाला कोण लागणार म्हणून विचारलं नाही.

मग भावाने भिंतीला पाठ टेकली. रविवारच्या मोकळ्या हवेचं काय ते त्याने सांगितलं. तो आबांना लोचोच्या गाडीवर न्यायचा. हरभऱ्याच्या डाळीचा वाफाळता लोचो, वर लोणी, शेव, मसाला. "आठवड्यातून एकदाच, ताई," तो म्हणाला. "मला वाटलं तू बाकी सगळं इतकं कडक सांभाळतेस, एकदा काय होतं? ते लहान मुलासारखे खायचे." एवढं बोलून तो रडायला लागला. मायच्या मांडीवरून उतरल्यापासून त्याला मी रडताना पाहिलं नव्हतं.

आणि मग मी माझं सांगितलं. तिघांचंही झालं. प्रत्येकाने बाकी दोघांच्या भरवशावर आपली चिमूट घातली होती. डॉक्टर "आप लोगों ने उन्हें बहुत प्यार किया" असं म्हणाले. ते रागावून म्हणाले की कळवळून, हे मला आजही ठरवता येत नाही. आतमध्ये आबांना नळी लावलेली होती. त्यांना तिन्ही ठिकाणचं मीठ माहीत होतं. त्यांनी कुणाचंही नाव कुणाला सांगितलं नव्हतं.

आठवड्याने त्यांना घरी सोडलं. फार दिवस नाहीत, असं मला सांगितलं गेलं. मी ते माय आणि भावाला सांगितलं. त्या दोघांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. आता घरात सगळेच अळणी खाऊ लागलो, म्हणजे कुणावर संशय नको. मायने शेंदेलोणाची डबी स्वतः शेजारणीला देऊन टाकली. भावाने रविवारी स्कूटरची चावीच उचलली नाही. तरी आम्ही एकमेकांकडे बघायचो. माय ताट वाढत असली की मी तिच्या बोटांकडे बघायची, मी मशीनमध्ये पीठ घालत असले की भाऊ पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात यायचा. तिघांनाही एकच भीती होती, की आता पुन्हा काही झालं तर ते कुणाच्या हातून झालं असेल. 

पाव मी रोज करत होते. रोज तो चढायचा आणि बसायचा. आबा त्यातला तुकडा चहात भिजवून, न चावता गिळायचे.

होळीच्या आधीचा रविवार. सकाळचे दहा वाजले असतील. आबांना आम्ही ओट्यावर उन्हात खुर्चीत बसवलं होतं, उशा लावून. माय शेजारी तांदूळ निवडत होती, भाऊ पायरीवर होता. मी दाराशी परातीत पीठ चाळत होते. आबांनी मला हाक मारली. आवाज पूर्वीसारखा ओरडून नव्हता, त्यामुळे मला पहिल्यांदा ऐकूच आला नाही.

"बाई, आज पावमा मीठ टाक."

माय तांदूळ निवडायची थांबली. भावाने मान वर केली नाही, पण तो ऐकत होता हे मला त्याच्या पाठीवरून कळत होतं.

मी म्हटलं, "आबा, डॉक्टरांनी नको सांगितलंय."

"माले माहीत शे काय सांगेल शे ते." ते दम खायला थांबले. "तवय तू चोरीन टाके. आते मी मांगस, तं नही?"

मी मायकडे बघितलं. तिने खाली बघितलं. भावाकडे बघितलं, तो तसाच पाठमोरा. दोघांपैकी एकजण जरी "टाक" म्हणाला असता तर मी टाकलं असतं. ते माझी वाट बघत होते आणि मी त्यांची. आणि मग मी आत गेले, पीठ, पाणी, साखर, तेल, खमीर घातलं, आणि बटण दाबलं. मीठ घातलं नाही.

दुपारी पाव निघाला. मधे खड्डा, कडा उभ्या. मी एक काप कापून चहाबरोबर नेला. आबांनी तो हातात घेतला, वळवून बघितला, चहात बुडवला आणि खाल्ला. सगळा खाल्ला, बशीत पडलेला चुरा बोटाने टिपून खाल्ला. त्यांनी अळणी पाव असा कधीच संपवला नव्हता.

"चांगला व्हयना वं," ते म्हणाले.

गुरुवारी सकाळी ते गेले. झोपेतच गेले, फार त्रास झाला नाही, असं सगळे म्हणाले.

त्या रविवारी मीठ का नाही घातलं, असं मला कुणी कधी विचारलेलं नाही. माय आणि भाऊ तर म्हणतात, तू बरोबरच केलंस. पण मी मशीनपाशी उभी होते तेव्हा माझ्या मनात आबांची सूज नव्हती, धाप नव्हती, डॉक्टर नव्हते. चार-पाच दिवसांनी का होईना, ते जाणार हे मला ठाऊक होतं. माझ्या मनात फक्त हे होतं की ओट्यावर दोन माणसं बसली आहेत, आणि उद्या आबा गेले तर या दोघांना ठाऊक असेल की शेवटचं मीठ माझ्या हातचं होतं. तेवढं मला नको होतं, म्हणून मी आबांना नाही म्हटलं.